न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. नवरा म्हणतो, पायाला नाही, डोक्याला. घरात मिक्सरचं भांडं जरा कुरकुरलं, पंख्याचं एखादं पातं वेगळ्या सुरात बोललं, की ते उघडून बघितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. बुलढाण्यात एका प्रशिक्षण संस्थेत मी मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. बाई इंजिन शिकवते म्हटल्यावर लोक अजूनही आधी हसतात, आणि मग हळूच आपल्या गाडीची तक्रार सांगायला लागतात.

नवरा माझ्या अगदी उलट. मलकापूरला कोर्टात लिपिक आहे. अंगावर पाल पडली तरी तो आधी चष्मा लावेल आणि मग तिच्याकडे बघेल. आम्ही राहतो वर पठारावर, मलकापूर खाली सपाटीवर, आणि मधे राजूरचा घाट. वर रेल्वे नाही, म्हणून आमच्याकडे निम्मी नोकरदार माणसं रस्त्याने ‘अप-डाऊन’ करतात. हा शब्द इतका मुरलाय की लग्न जुळवतानासुद्धा विचारतात, मुलगा तिथंच राहतो का अप-डाऊन करतो? माझा नवरा सकाळी घाट उतरतो, संध्याकाळी चढतो. गाडीत पुढच्या सीटवर त्याच्याबरोबर रोज ताई असतात. ताई त्याच्याच कोर्टात वरिष्ठ, आता निवृत्तीला आलेल्या. वकीलसुद्धा त्यांच्या टेबलापाशी आवाज खाली करून बोलतात म्हणे.

गाडी आमची जुनी, पेट्रोलची, छोटी. मागच्या पावसाळ्यात तिच्या ईसीयूत पाणी शिरलं. ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. नवरा म्हणाला, “कंपनीचाच दुसरा टाकून घेऊ.” मी कशाला ऐकते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरच्या गाडीत हात घालायला मिळत होता. मी बाहेरचा, लॅपटॉप जोडून आपल्या मनासारखा लावता येणारा ईसीयू बसवला. वायरिंग स्वतः केलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली तेव्हा मी शेजारच्या घरी पेढे देऊन आले. शेजारीण म्हणाली, “कायचे पेढे?” मी म्हटलं, गाडी सुरू झाली. तिने पेढा घेतला, पण माझ्याकडे जरा काळजीनेच बघितलं.

त्या ईसीयूत मला सगळ्यात जास्त हौस होती ती फ्युएल कटची. हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, तर इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. मग त्या वेळी पेट्रोल कशाला हवं? नकोच. म्हणून ईसीयू पेट्रोल बंद करतो. इंजिन फिरत असतं, आवाजही येत असतो, पण आत थेंब जात नाही. शिवाय फिरणारं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, त्यामुळे उतारावर ब्रेक फारसा दाबावा लागत नाही. वेग कमी होऊन इंजिनाचे फेरे एका मर्यादेखाली आले की पेट्रोल पुन्हा सुरू, नाहीतर इंजिन बंद पडेल. कंपनीच्या गाड्यांत हे जन्मापासून असतं आणि चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. माझ्या ईसीयूत ते हाताने लावायचं होतं. किती फेऱ्यांवर बंद, किती फेऱ्यांवर चालू, पाय काढल्यावर किती वेळ थांबायचं.

थांबायचं? मी तिथं शून्य टाकलं. पाय निघाला की कट, हा माझा हिशेब. चिखली रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात एकटी गेले, वेग घेतला, पाय उचलला. गाडीने छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसा झटका दिला आणि लॅपटॉपवर पेट्रोलचा आकडा धपकन शून्य झाला. मी एकटीच गाडीत टाळ्या वाजवल्या. तो झटका मला फार आवडला. म्हणजे कट लागला, अगदी चोख लागला. घाट उतरताना आता ब्रेक थंड राहणार आणि पेट्रोल वाचणार, असं मी नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, “छान.” तो सगळ्यालाच छान म्हणतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीची चाकं काढली. काही बिघडलं नव्हतं, पण सुट्टी होती आणि मला करमत नव्हतं. पुढचे ब्रेक पॅड झिजून कागद झाले होते आणि ते ज्या चकतीला धरतात ती डिस्क निळसर पडली होती. लोखंड असं निळं पडतं ते तापून तापूनच. मी जमिनीवर बसून त्या निळ्या रंगाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इंजिनाने आवर घातलेल्या गाडीचे ब्रेक असे होत नाहीत. हे ब्रेक रोज घाटभर एकटेच गाडी धरून उतरत होते.

नवरा ओट्यावर बसून सीताफळ खात होता. मी तेलकट हातानेच समोर जाऊन उभी राहिले.

“अहो, घाटात न्यूट्रल मारता का तुम्ही?”

“हाव,” तो म्हणाला आणि बी थुंकली.

“काऊन?”

“असंच.”

“असंच म्हंजे?”

“असंच म्हंजे असंच. सवय आहे.”

या सवयीचं मूळ मला माहीत होतं. आमच्या पठारावरच्या माणसांना हा रोगच आहे. घाटाचं पहिलं वळण लागलं की गिअर काढून गाडी न्यूट्रल, म्हणजे इंजिनापासून चाकं मोकळी. स्कूटरच्या काळात तर इंजिनच बंद करायचे. माझे बाबा शाळामास्तर. ते वरच्या वळणावर किल्ली फिरवायचे, आणि मागे आई, पुढे उभी मी, अशी आमची स्कूटर आवाज न करता पायथ्यापर्यंत घरंगळत जायची. खाली पोचल्यावर बाबा म्हणायचे, “पाहा, फुकटात आलो.” आजूबाजूने अशाच मुक्या स्कूटरी उतरत असायच्या. माणसं एकमेकांशी बोलत बोलत उतरायची, इतकं शांत. त्या वेळी पेट्रोलच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. पण आताच्या गाडीला ते लागू नाही, आणि चार माणसांची गाडी म्हणजे बाबांची स्कूटर नव्हे.

मी नवे पॅड टाकले, डिस्क बदलली, आणि नवऱ्याला लॅपटॉपसकट चिखली रस्त्यावर घेऊन गेले.

“हे पाहा. गिअरमध्ये आहे, पाय काढला. इंजिन फिरून राह्यलं अन् पेट्रोल शून्य. आता न्यूट्रल मारा. पाहा, आता पेट्रोल जाऊन राह्यलं, कारण इंजिन चालू ठेवायले ते लागतेच. म्हंजे न्यूट्रलमध्येच जास्त जाते.”

“बरोबर आहे तुझं.”

“मग?”

“मग काय? बरोबर आहे.”

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, पाय धुतले. मी विचारलं, “आज?”

“न्यूट्रल,” तो म्हणाला.

खोटं बोलला असता तरी चाललं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण कोर्टात रोज दुसऱ्यांच्या शपथा ऐकून हा माणूस खोटं बोलायचं विसरून गेलाय. पुढे रोज संध्याकाळी आमचं हेच सुरू झालं. “आज?” “न्यूट्रल.” मी भांडले, अबोला धरला, दोन्ही गालांनी फुगले. त्याने अबोल्यात स्वतःच चहा केला आणि माझाही कप आणून समोर ठेवला. कारण विचारलं की असंच. एकदा चिडून म्हणाले, “मी मेकॅनिक आहे का तुम्ही?” तो म्हणाला, “तूच आहे. मी कुठं नाही म्हनलं?” अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून!

मग मी ईसीयूत एक उद्योग केला. गाडी वेगात असताना इंजिन न्यूट्रलच्या फेऱ्यांवर आलं, की समोरचा पिवळा दिवा उघडझाप करेल असं लावलं. संध्याकाळी गाडीत डोकावले तर त्या दिव्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी. “ताई घाबरल्या तो दिवा पाहून,” तो म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

राग होता, पण रागाखाली काय होतं तेही सांगते. मला भीती वाटत होती. तापलेल्या ब्रेकचं काय होतं हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. पॅड तापतात, तेल उकळतं, आणि मग पेडल नुसतंच खाली जातं, पायाखाली काहीच लागत नाही. हे शिकवताना इतकी वर्षं मला कोणी माणूस दिसत नव्हता. आता दिसायला लागला. सकाळी तो घाटात असेल त्या सुमाराला माझा वर्ग असायचा. मी बोलता बोलता थांबायचे, खडू हातात तसाच. पुढे कापसाचा ट्रक थांबला असेल, वळणावर गुरं आडवी आली असतील, आणि याचा पाय खाली जात असेल, जातच असेल. हा एक दिवस उतरेल आणि परत चढून येणार नाही, असं मला रोज सकाळी वाटायचं. विद्यार्थी विचारायचे, “मॅडम, तब्येत बरी नाही का?” मी त्यांच्यावर खेकसायचे.

शेवटी एके दिवशी मी रजा टाकली. मलकापुरात काम आहे, तुमच्याबरोबर येते, म्हणाले. नवऱ्याने माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघितलं. “ये,” म्हणाला.

ताई त्यांच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, केस चोपून बसवलेले, हातात डब्याची पिशवी आणि आणखी एक घडी घातलेली पिशवी. मला बघून जरा दचकल्या. पुढे बसल्या. गावाबाहेर पडेपर्यंत छान बोलत होत्या, मग घाट जवळ आला तशा गप्प झाल्या. नवऱ्याने रेडिओ लावला. मी मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून वायर जोडलीच होती. पहिलं वळण आलं तसा त्याचा हात गिअरवर गेला.

“आज गिअरमध्ये उतरा,” मी म्हणाले. “माह्यासमोर. एक दिवस.”

त्याने माझ्याकडे नाही, ताईंकडे बघितलं.

“उतरा ना,” ताई म्हणाल्या. “मॅडम म्हनून राह्यल्या तर उतरा.”

तो तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागला. पाय काढला, झटका, पेट्रोल शून्य. मी खूश. पुढे वेग जरा कमी झाला, फेरे मर्यादेखाली आले, पेट्रोल चालू, पुढे धक्का. उतारामुळे लगेच फेरे वाढले, पुन्हा कट, मागे झटका. पुन्हा चालू. पुन्हा कट. पडद्यावर पेट्रोलची रेघ करवतीसारखी वर-खाली होत होती. हे जरा सुधारायला हवं, असा विचार करत मी मान वर केली आणि समोर ताईंची मान दिसली.

ती मान प्रत्येक झटक्याला पुढे जात होती आणि प्रत्येक धक्क्याला मागे येत होती. माझ्या पडद्यावर जी रेघ होती तीच हुबेहूब ताईंच्या मानेत होती. कपाळावर घाम. डोळे घट्ट मिटलेले. ती घडीची पिशवी उघडून त्यांनी तोंडाशी धरली होती.

“गाडी घ्या बाजूले,” मी ओरडले. नवऱ्याने आधीच इंडिकेटर लावला होता.

देवळाजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही थांबलो. ताई गाडीच्या मागे जाऊन ओकल्या. मी त्यांची पाठ धरून उभी राहिले, बाटलीतलं पाणी हातावर घातलं. कठड्यावरची वानरं आमच्याकडे बघत होती. ताईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं, आणि त्या करड्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मॅडम, तुमच्या मिस्टरवर चिडू नका. मीच त्याईले म्हनलं होतं, कोनाले सांगू नका. मले लहानपनापासून गाडी लागते. बसमध्ये तर विचारू नका. कोर्टात आरोपी मले घाबरतात, अन् बसमध्ये कंडक्टर सगळ्यांसमोर म्हनते, मावशी, खिडकीपाशी बसा. पहिले तुमच्या गाडीत ठीक होतं. पावसाळ्यानंतर घाटात असे झटके बसाले लागले. एक दिवस मी सीटवरच… तुमच्या मिस्टरनं सगळं सोता धुतलं, एक शब्द नाही बोलले. दुसऱ्या दिवशी म्हने, ताई, डोळे मिटा, मी गाडी सोडून देतो. न्यूट्रलमध्ये पानी हालत नाही पोटातलं.”

मी शून्य टाकलेल्या जागेची किंमत ही बाई पावसाळ्यापासून पोटाने चुकवत होती. ज्या झटक्याला मी टाळ्या वाजवल्या, तो टाळण्यासाठी माझा नवरा रोज ब्रेकच्या भरवशावर घाट उतरत होता. आणि मी त्याला पेट्रोल शिकवत होते. पेट्रोलचा तर त्यात कधी विषयच नव्हता. झटके बसतात म्हटलं असतं तर मी कुणाला म्हणून विचारलंच असतं, आणि त्याला खोटं बोलता येत नाही.

पुन्हा गाडीत बसलो. अर्धा घाट बाकी होता. ताईंचा चेहरा पांढराफटक. नवरा किल्लीवर हात ठेवून माझी वाट बघत होता. आणि मीच म्हणाले, “न्यूट्रल मारा.”

गाडी सुटली. खरंच काही हललं नाही. रेडिओवर कुणीतरी संत्र्याच्या बागेवरच्या फवारणीबद्दल बोलत होतं. ताईंनी डोकं मागे टेकलं. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की वेग पुन्हा वाढायचा, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तापलेल्या पॅडचा तो वास आला. मी दारावरची मूठ धरून बसले होते, माझे पाय नसलेला ब्रेक दाबत होते. सपाटी लागली तेव्हा कुठे मी मूठ सोडली.

त्यानंतरचे रविवार सगळे घाटात गेले. नवरा चालवायचा, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. अडचण अशी होती की मला गाडी लागत नाही. झटका चांगला की वाईट हे माझं पोट सांगायलाच तयार नाही. म्हणून मी वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि उतारभर बारीक टाइपातल्या जाहीर नोटिसा वाचायचे. चालत्या गाडीत वाचलं की कुणालाही मळमळतं. मळमळलं की हात वर करायचा, थांबायचं, आकडे बदलायचे, उलटं वर जायचं, पुन्हा उतरायचं. सीताफळं विकणारी बाई पहिल्या रविवारी गिऱ्हाईक म्हणून उठली, नंतर उठायची बंद झाली. तिने एकदा नवऱ्याला विचारलंच, “भाऊ, काही हरवलं का तुमचं?”

पहिली गोष्ट, थांबायला शिकवलं. पाय निघाल्या निघाल्या कट नाही, जरा दम धरायचा. मग ठिणगीची वेळ हळूहळू मागे न्यायची, म्हणजे इंजिनाचा जोर आधी ओसरतो, आणि जोर ओसरल्यावर पेट्रोल बंद केलं तर कुणाला कळत नाही. गॅस बंद करण्याआधी आपण तो बारीक करतो, तसंच. पेट्रोल परत सुरू करतानाही तेच. इंजिनात हवा नेणारी नळी तोवर कोरडी झालेली असते, पहिलं पेट्रोल तीच पिऊन टाकते आणि इंजिन अडखळतं. म्हणून तेव्हा थेंबभर जास्त द्यायचं आणि जोर हळूहळू वाढू द्यायचा. आणि बंद होण्याची मर्यादा आणि सुरू होण्याची मर्यादा यांत चांगलं अंतर ठेवायचं, नाहीतर उतारावर ते एकमेकांना शिवत बसतात आणि ती करवत सुरू होते.

हे लिहायला सोपं आहे. करताना मी रडकुंडीला आले. एक जागा गुळगुळीत केली की दुसरीकडे धक्का निघायचा. तिसऱ्या गिअरला जमलं ते दुसऱ्याला जमेना. क्लच दाबल्यावर एकदा इंजिनच बंद पडलं, स्टिअरिंग जड झालं, आणि नवऱ्याने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. मी घाईघाईने आकडे बदलायला लागले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “सावकाश कर. घाई नको करू.” एरवी मला कुणी सावकाश म्हटलं की मी उसळते. त्या दिवशी नाही उसळले. आठवड्याच्या बाकी दिवशी मात्र सकाळी तो न्यूट्रलमध्येच उतरत होता, कारण ताईंवर अर्धवट काम आजमावायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. आता मला कारण माहीत होतं. भीती त्याने कमी झाली नाही, उलट वाढली. आधी निदान त्याच्यावर चिडता तरी येत होतं.

मग एका रविवारी मी जाहीर नोटिसांचं अख्खं पान वाचून काढलं, आणि मान वर केली तर आम्ही पायथ्याशी होतो. हात वर केला नव्हता. मळमळलं नव्हतं. “उलटं घ्या, पुन्हा उतरू,” मी म्हणाले. पुन्हा तसंच. दुसऱ्या गिअरमध्ये तसंच. मुद्दाम वाईट उतरवायला लावलं, मधेच पाय काढा, मधेच द्या. गाडी नुसती मवाळपणे आवरत होती. मला विश्वास बसेना. मी लॅपटॉपकडे बघितलं. पेट्रोल शून्य. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, “छान,” आणि या वेळी मला ते छान ऐकायला खरंच छान वाटलं.

सोमवारी मी पुन्हा रजा टाकली. ताई पुढे, मी मागे. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला. ताईंना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, सांगितलं की माणूस आधीच पोट धरून बसतो. त्या मला बघून म्हणाल्या, “आज पुन्हा काम आहे का?” मी म्हटलं, हो. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं, तो विषय निघाला. मुलगा संग्रामपूरकडचा, शेती चांगली, पण मुलीला तिकडे करमेल का. पहिलं वळण गेलं. नवऱ्याचा हात गिअरवर होता, पण त्याने तिसरा काढला नाही. मी ताईंच्या मानेकडे बघत होते. मान नीट, पुतणीच्या बाजूने वाद घालत होती. देवळाजवळची जागा मागे गेली. पुढे कापसाने भरलेला ट्रक रस्ता अडवून रांगत होता. नवऱ्याने दुसरा टाकला, गाडी ट्रकमागे आपोआप मंद झाली, ब्रेकवर पाय अगदी नावाला. वास नाही. धक्का नाही. ताईंचं बोलणं चालूच.

घाटाखालच्या मोताळा गावाच्या अलीकडे त्या बोलता बोलता एकदम थांबल्या. बाहेर बघितलं. “अहो,” म्हणाल्या, “घाट गेला का?”

“गेला,” नवरा म्हणाला.

“मले समजलंच नाही!” त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना कळलं असावं. मागे हात करून त्यांनी माझा हात दाबला आणि पुन्हा पुतणीवर आल्या.

कोर्टासमोर गाडी लागली. ताई उतरल्या, पदर सारखा केला, आणि पायऱ्या चढेपर्यंत त्यांची ती करडी चाल परत आली. नवरा उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता तरी हा माझं कौतुक करेल. मी मागून म्हणाले, “पाह्यलं?”

त्याने किल्ली काढून हातात घेतली. मग समोर बघतच म्हणाला, “मले रोज भेव वाटे.”

मला नीट कळलं नाही. “काय?”

“घाटात. रोज. वरच्या वळणापासून. पाय ब्रेकवर, अन् मनात एकच, आता लागन का नाही लागन. ताईले समजू नये म्हून रेडिओ लावत होतो. इथं पोचलो की ताई उतरत, अन् मी बसून राहत होतो असाच. पाय ब्रेकवरून निघतच नसे. निघाला की मग आत जात होतो.”

“अन् मले काऊन नाही सांगितलं?”

“तुले सांगितलं असतं, तर तू ताईले गाडीत बसू दिलं असतं का?”

नसतं दिलं. मी एका क्षणात किल्ली काढून घेतली असती, आणि ताई कशा जातील हे विचारलंही नसतं. हे त्याला माहीत होतं. मी इतके महिने ज्याला निष्काळजी समजून भांडत होते, तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. मला निदान ओरडायला तो तरी होता. त्याला कुणीच नव्हतं.

“रविवारी तू चालव,” तो म्हणाला. “मी बाजूले बसतो. रोज उतरलो त्या घाटातून, पन तिथं काय काय आहे ते एकदाही पाह्यलं नाही.”

मी हो म्हणाले. मग मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, कोर्टाच्या दारात, भर सकाळी, सगळ्या पक्षकारांच्या देखत.